आण्णांच्या घरामागचा समुद्र

आमच्या गल्लीत बोलवा अशी आहे की बारदान आण्णांचा कोकणात, समुद्राला खेटून, सात खोल्यांचा बंगला आहे. सात हा तालमीच्या कट्ट्यावरचा आकडा. दूधवाल्या बाईंच्या मते नऊ. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या मते खोल्या पाचच, पण त्यातल्या एकीला काचेची फरशी आहे आणि खालून मासे फिरताना दिसतात.

"आनि आण्णा तितं खुर्ची टाकून बसत्यात," इस्त्री हवेत धरून तो सांगतो. "गॉगल लावून. शहाळ्यात नळी घालून. हितं बनियनवर पोती झटकत्यात, तितं वळखू यायचं न्हाईत भावा. विषयच येगळा हाय त्यो."

खरी गोष्ट अशी. घर आहे. खोल्या दोन. वर मंगलोरी कौलं, त्यातली पंधरावीस दर पावसाळ्यात वारा घेऊन जातो. वीज मनात आलं तर असते. मोबाईलला रेंज नाही. सगळ्यात जवळचं दुसरं घर अर्ध्या तासाच्या वाटेवर. मागं मैलभर ओसाड पुळण, सुरूची झाडं, केवड्याचं रान, आणि संध्याकाळ व्हायच्या आत ओरडायला लागणारे कोल्हे. गॉगल आण्णांकडं एकच आहे, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला हिरवा, आणि तो ते गल्लीत घालतात. आणि ज्या माणसाच्या नावावर हे घर आहे, त्यानं अकरा वर्षांत तिथं एकही रात्र काढलेली नाही.

आण्णांचं खरं नाव चनबसाप्पा. शाहूपुरीत त्यांचं बारदानाचं दुकान आहे, म्हणजे रिकामी पोती विकत घ्यायची, झटकायची, भोकं शिवायची आणि परत विकायची. आम्ही मंगळवार पेठेत त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. मधली जमीन लाकडी फळ्यांची आहे, त्यामुळं खालचं बोलणं मला लहानपणापासून पाठ. आण्णांची तर मला नक्कलही येते, अगदी श्वासासकट. त्यांच्याकडं कुणी काही मागितलं की ते तीनदा "बगा" म्हणतात. पहिला "बगा" म्हणजे नको. दुसरा "बगा" म्हणजे थोडी अडचण आहे. तिसरा "बगा" म्हणजे किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर आहे, घेऊन जावा.

त्यांच्या मंडळी रत्नव्वा अक्का संकेश्वरकडच्या. त्यांचं माहेरचं बोलणं कानडी. त्यांना नको असेल तर त्या "बेड" म्हणतात, समोरच्याला कळलं नाही तर "नको" म्हणतात, आणि तरी कळलं नाही तर दार लावून घेतात. अक्कांना दोन भाषांत नाही म्हणता येतं. आण्णांना एकीतही येत नाही. हे त्यांच्या संसाराचं सगळं वर्णन आहे म्हटलं तरी चालेल.

घर घेतलं तेव्हा आण्णा काजूच्या कारखान्याला पोती पोचवायला गेले होते. येताना फाटा चुकला. ते अजून सांगतात, "मी गाडी हाणतोय, हाणतोय, आनि एकदम रस्ताच संपला की. फुडं नुस्ती वाळू. हँडब्रेक वढला, वाळू तुडवत गेलो तर नुस्तं पानी. तितंच बसलो. पोती उतरवून अंग आंबलेलं. कोन हाक मारीना, कोन काय मागीना." तिथलाच एक म्हातारा घर विकून मुलाकडं मुंबईला निघाला होता. त्या ओसाडीत कोण घेणार? आण्णांनी घेतलं. अक्कांना विचारलं नाही, कारण उत्तर दोन अक्षरी आलं असतं.

अक्का महिनाभर बोलल्या नाहीत. मग एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कसा हाय वो त्यो समुद्र?"

अक्कांनी जन्मात समुद्र बघितलेला नाही. आण्णांनी दोन्ही हात पसरले. डाव्या हातानं कपाट अडलं, उजव्यानं भिंत. "असा मावतच न्हाई गं. तुला दावतो की. आपल्याच घरामागं हाय."

त्या दिवसापासून तो समुद्र अक्कांच्या बोलण्यात "आपल्या घरामागचा" असाच आला. रंकाळ्याला फिरायला गेलं तरी म्हणायच्या, "ह्यापरास आपल्या घरामागचा मोठा आसंल न्हवं?"

घरामागचा का, पुढचा का नाही, हे सांगायला पाहिजे. त्या घराचं दार मुळात समुद्राकडं, म्हणजे पश्चिमेला होतं. आण्णा पडले कोल्हापूरचे. पश्चिमेच्या दाराचं घर घेतलं म्हटल्यावर गल्लीतल्या चार जाणत्यांनी त्यांना तीन दिवस घेरलं. लक्ष्मी टिकत न्हाई, आयुष्य टिकत न्हाई, दार पूर्वेलाच पायजे. आण्णांनी तीनदा "बगा" म्हटलं आणि गवंडी नेऊन समुद्राकडचं दार चिरे लावून बुजवलं. पूर्वेला, काजूच्या झाडांकडं, नवं दार पाडलं. आता ते घर साऱ्या समुद्राला पाठ दाखवून बसलंय. पुढून आलं तर घर आणि त्यामागचा वाळूचा उंचवटा यांनी सगळं झाकतं. पाणी दिसायला घराला वळसा घालून दहावीस पावलं चढावं लागतं.

मग सुरू झाले पावणं.

पहिल्यांदा तालमीच्या सम्राटनं किल्ली मागितली. सम्राट हा आमच्या मंडळाचा अध्यक्ष. मिरवणुकीत पंधरा वर्षं माईक धरून त्याचा गळा असा झालाय की शेजारी बसलेल्या माणसाशीही तो गर्दीला उद्देशून बोलतो. "आण्णा! विषय हार्ड हाय! पोरं म्हणत्यात, आपल्या मानसाचं घर आसताना लॉजवर जायाचं म्हंजे आण्णांचा अपमान हाय!" आण्णांचा अपमान नको म्हणून आण्णांनी किल्ली दिली. त्यानंतर सम्राटचे मित्र, मित्रांचे भाऊ, भावांचे साहेब. आण्णा दर मे महिन्यात कौलं बसवायला जायचे आणि दुपारी शिडीवरून उतरेपर्यंत कुणाची तरी मंडळी अंगणात येऊन उभी असायची. आण्णा शिडी आवरून, विहिरीतनं त्यांच्यासाठी दोन घागरी पाणी काढून, परत यायचे.

आणि पावणं समुद्रावर जातात कशाला? मासे खायला. आण्णा-अक्का लिंगायत. सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय अक्का पाणीसुद्धा पीत नाहीत. कांदाभजी तळलेल्या तेलात परत काही तळायचं तर विचार करतात. तीन वर्षांपूर्वी आण्णा त्यांना पहिल्यांदा तिकडं घेऊन गेले. अक्का नवं लुगडं नेसून, पूजेची पिशवी छातीशी धरून आत शिरल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबल्या. ओट्यावर खवले चिकटलेले. भिंतीवर तिखटाच्या तेलाचे शिंतोडे. कोपऱ्यात कुणीतरी विसरलेली कोयती.

त्या आल्या पावली वळल्या आणि टेम्पोत जाऊन बसल्या. टेम्पोकडं जाताना एकच वाक्य बोलल्या, "गाड्यांचा आवाज लई हाय हितं."

"गाड्या न्हवंत गं," आण्णा म्हणाले, "त्योच समुद्र."

असं आहे ते. समुद्राकाठच्या स्वतःच्या घरी जाऊन, समुद्राचा आवाज ऐकून, तो न बघता माघारी आलेली कोल्हापुरातली ती एकटीच बाई असेल.

यंदा मात्र घाई आली ती अक्कांच्या गुडघ्यामुळं. रस्ता संपतो तिथून घरापर्यंत वाळूतली वीस मिनिटांची वाट आहे. डॉक्टरांनी सांगितलं, मार्चमध्ये गुडघा बदलू, त्यानंतर सपाट फरशीवर चालायचं. वाळू, चढ असलं काही आयुष्यात नको. अक्का घरी येऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मग त्याच्या आदी मला आपल्या घरामागचा समुद्र दावा. दोन दिस राहूया. आपल्या चुलीवर आंबिल करते, आपल्या दारात बसूया."

आण्णा पेटून उठले. सव्वीस जानेवारीला एकटेच जाऊन त्यांनी स्वयंपाकघराला चुना काढला, ओटा घासला, नवी शेगडी, नवी भांडी ठेवली आणि त्याच दिवशी परत आले. फेब्रुवारीतला एक गुरुवार ठरला. किल्ली खिळ्यावरून काढून देव्हाऱ्यात ठेवली.

आठवडाभर आधी आण्णा आंघोळीला गेले असताना त्यांचा फोन वाजला. सम्राट. अक्का चुलीपाशी होत्या, हात पिठाचे, म्हणून फोन मी उचलला.

"आण्णा! विषय हार्ड हाय! सासुरवाडीची मंडळी हुपरीसनं..."

पुढचं माझ्या हातून कसं झालं मला माहीत नाही. आण्णांच्याच आवाजात मी म्हटलं, "बगा..." आणि मग जे त्या आवाजात कधीच कुणी ऐकलं नव्हतं ते म्हटलं, "न्हाई जमायचं."

पलीकडनं मला रस्त्यावरचा हॉर्न दोनदा ऐकू आला. मग सम्राट, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात, म्हणाला, "आण्णा, तब्येत बरी हाय न्हवं?"

अक्का हसत हसत खाली बसल्या. डोळ्यांना पदर लावला तर पीठ गालाला लागलं. म्हणाल्या, "आनि एकदा म्हण की रं. त्यांच्याच आवाजात. एकदाच."

मी म्हटलं. त्या हसायच्या थांबल्या आणि नुसत्या ऐकत राहिल्या.

तेवढ्यात आण्णा टॉवेलवर बाहेर आले. काय झालं ते कळल्यावर त्यांचा चेहरा असा पडला, जणू मी त्यांच्या आवाजानं कुणाच्या कानफटात मारली. ओल्या हातानंच त्यांनी फोन लावला. "सम्राटराव... मगाशी आवाज बसलावता जरा... सासुरवाडीची मानसं म्हंजे... बगा..." अक्कांनी चुलीकडं तोंड केलं. "बगा... गुरवारी आमी जानार हाय... बगा... बुदवारी जाऊन गुरवारी सकाळी धाच्या आत निगाली तर..."

"आण्णा, नवाला निगतील! शब्द हाय माझा!"

किल्ली देव्हाऱ्यातनं निघाली. सम्राटनं बुधवारी ती नेली. आण्णांकडं दुसरी होतीच.

गुरुवारी सकाळी सहाला आम्ही निघालो. आण्णांचा छोटा हत्ती म्हणजे दुकानाचा लहान टेम्पो. आण्णा चालवायला, शेजारी अक्का, मागं हौद्यात घड्या घातलेली पोती, गादी, पिण्याचं पाणी आणि मी. राधानगरी मागं पडली, दाजीपूरच्या जंगलात थंडी वाजली म्हणून मी पोतं पांघरलं, फोंड्याचा घाट उतरलो आणि कपाळाला घाम यायला लागला. अक्का पुढच्या खिडकीतनं हात बाहेर काढून वाऱ्याचा अंदाज घेत होत्या. शेवटच्या उतारावर, मागच्या खेपेसारखाच, त्यांनी डोळ्यांवर पदर ओढला; बघायचा तो आपल्या घरामागूनच. रस्ता संपला तिथं आण्णांनी टेम्पो लावला. साडेबारा वाजले होते.

वाळूची वाट आली. आण्णा हातात चार पोती घेऊन पुढं, गादी आणि डबा घेऊन मी मागं. अक्कांनी दोनेकशे पावलं टाकली की ते घडी उलगडून पोतं अंथरायचे, अक्का बसायच्या, गुडघा चोळायच्या, उठायच्या. आण्णा ते पोतं झटकून पुन्हा पुढं पळायचे. असं पाच वेळा झालं. पाचव्यांदा बसल्यावर अक्का म्हणाल्या, "आयकू यायला लागलं बगा. आज गाड्या न्हाईत." आणि लाजल्या.

मग वास आला. तळलेल्या माशांचा.

आण्णा जागच्या जागी उभे. अक्कांनी पदर नाकाला लावला नाही. नुसतं आण्णांकडं बघितलं.

अंगणात, काजूच्या सावलीत, तेरा माणसांची पंगत बसली होती. बसायला खाली आण्णांचीच पोती, मे महिन्यात कौलांखाली घालायला ठेवलेली. पंगतीच्या टोकाला पन्नाशीचा एक भरदार गडी, गुडघ्यापर्यंतची फुलाफुलांची नवी चड्डी, मनगटात चांदीचं बोटाएवढं जाड कडं. त्यानं आम्हाला बघितलं आणि तोंडातला घास न गिळताच हात वर केला.

"या या या पावणं! बरोबर टायमाला आलासा की! ए, तीन ताटं वाढा! कुनाकडनं आलासा?"

आण्णा म्हणाले, "बगा..."

"आमी हुपरीचं. मी विजयसिंह. चांदीचं काम आसतंय आपलं, पैंजण. मंगळवार पेठेतला सम्राट आपला जावई. ह्या आमच्या आई, धोंडुबाई. सकाळीच निगनार हुतो बगा, शब्द दिलावता जावयानं. पन होडी हितंच फुड्यात लागली की वो! सुरमई अशी, कोपरापतूर! म्हटलं, आता हिला टाकून जायाचं म्हंजे पाप. मालक काय बोलत न्हाईत म्हनं. देवमानूस हाय म्हनं. तुमी बी त्यांच्याच वळखीनं आला आसशीला?"

मी आण्णांकडं बघितलं. अक्कांनी बघितलं. एवढं सोपं होतं: मीच तो, हे माझं घर. मला तर ते वाक्य त्यांच्या आवाजात कानात ऐकूसुद्धा येत होतं.

"व्हय," आण्णा म्हणाले. "त्यांच्याच."

अक्का वळल्या. अंगणाच्या कडेला, पंगतीपासून लांब, दुसऱ्या एका काजूखाली जाऊन बसल्या. आम्ही मागोमाग गेलो. आपल्या डब्यातली कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही त्यांनी मला वाढलं. आण्णांना वाढलं. स्वतः घेतलं नाही.

"सांगा त्यास्नी," अक्का हळूच म्हणाल्या.

"जेवत्यात गं ती. जेवत्या मानसाला ताटावरनं उठवायचं?"

 आमच्याकडं भांडण असलं तरी दुसऱ्याचं जेवण होईपर्यंत थांबतात. अक्कांनी मान हलवली. पंगत उठली.

"आता?"

"आत्ता तर हात धुत्यात. च्या तरी पिऊ दे."

चहा झाला. मग पोरंबाळं तिथंच आडवी झाली. झोपलेल्याला कसं उठवायचं? विजयसिंह मात्र झोपले नाहीत. ते आण्णांच्या शेजारी येऊन बसले, दात कोरत.

"मालक मनानं मोठा आसंल पावणं, पन डोस्क्यानं कमी हाय. बगा की, समुद्राकडं पाठ करून घर! आमच्या हुपरीत म्हशीचा गोटा सुदिक आसा बांदत न्हाईत. तुमी वळखता त्याला?"

"थोडं," आण्णा म्हणाले.

"कसा हाय मानूस?"

आण्णांनी बराच वेळ पायाजवळची वाळू बोटानं सारखी केली. "हाय आसाच," म्हणाले. "कामाचा न्हाई."

विजयसिंह खो खो हसले. त्यांच्यात वाईट काही नव्हतं. त्यांनी आण्णांच्या मांडीवर थाप मारली, त्यांना सुपारी दिली, अक्कांसाठी बिस्किटाचा पुडा पाठवला. एखादा उर्मट माणूस असता तर कदाचित आण्णांना सोपं गेलं असतं. हा माणूस त्यांच्या घरात त्यांचाच पाहुणचार इतक्या प्रेमानं करत होता की मलाही क्षणभर वाटलं, घर याचंच असावं.

तीनच्या सुमाराला धोंडुबाई उठल्या. ऐंशीच्या असतील, पण आवाज भांड्यांच्या दुकानासारखा. त्या थेट अक्कांकडं आल्या. "आगं बाई, तू हितंच बसलीयास व्हय? समुद्र बगितलास का? ऊठ, मी दावते. घराच्या मागंच हाय. मी काल बगितला, आजून छाती धडधडतीया माजी. माज्या खांद्याला धर, चल."

"बेड, आज्जी," अक्का म्हणाल्या. मग त्यांना कळलं नसेल म्हणून, "नको. ह्यांनी दावतो म्हनून सांगितलंय. ह्यांनी दावला तर बगीन."

"मग दावा की वो!" धोंडुबाई आण्णांवर ओरडल्या. झोपलेली दोन पोरं जागी झाली. "आसं कसं मानूस तुमी! धा पावलांवर आनून बसवलंय बिचारीला!"

आण्णा उठले. धोतर झटकलं. अक्कांपुढं हात केला. "चल, दावतो."

अक्का हाताकडं बघत म्हणाल्या, "कुनाच्या घरामागचा?"

आण्णांचा हात तसाच राहिला.

"आपल्या घरामागचा दावतो म्हनालतासा," अक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "परक्याच्या घरामागचा बगायला मी गुडघा घासत आले न्हाई. मी त्यास्नी जा म्हना म्हनत न्हाई. ऱ्हाऊ देत की बिचारी. नुस्तं घर आपलं हाय म्हनून सांगा. एकदा सांगा, मग चला, म्हनशीला तितं येते."

आण्णा माझ्याकडं वळले, जणू मी काही करणार होतो. मग मला बाजूला घेऊन विहिरीपाशी गेले. साडेतीनला निघायलाच पाहिजे होतं. मोतीबिंदूनंतर अंधार पडल्यावर त्यांना घाट जमत नाही, आणि राहायचं तर आता कुठं?

"आण्णा, एक वाक्य हाय," मी म्हटलं. "चार शब्द. कोन रागवायचं न्हाई. उलट पाया पडतील तुमच्या."

"त्येच की रं," ते म्हणाले. "पाया पडतील. तोंड बारीक करून सामान भरतील. ती म्हातारी... एवढी खुशीत हाय. त्या इजयसिंहानं मला यडा म्हटलंय, त्याला कसं वाटंल? आता सांगितलं तर मगाशीच का न्हाई सांगितलं म्हनतील. दुपारी सांगायला पायजे हुतं. दुपारी जेवत हुती."

"अक्कांसाठी सांगशीला तुमी. मला म्हाईत हाय."

आण्णा हसले. असं हसू मी नकलेत कधी काढून बघितलेलं नाही, ते जमणार नाही. "लावतोस पैज?"

"लावली. गाडी चालू व्हायच्या आत तुमी सांगनार. गंगावेशीत म्हशीचं दूध, ताजं, समोर काढलेलं."

"न्हाई सांगनार मी," आण्णा म्हणाले. "मी वळखतो ह्या मानसाला."

सगळी मंडळी आम्हाला पोचवायला आली. आण्णा पुढं पोती अंथरत, अक्का बसत उठत, मागं तेरा माणसं. विजयसिंहांनी गादी खांद्यावर घेतली. टेम्पोपाशी सगळे थांबले. आण्णा चढले, अक्का चढल्या. विजयसिंहांनी खिडकीत हात घातला आणि आण्णांचा हात दोन्ही हातांत धरला.

"परत या पावणं. सवड काढून या. आपलंच घर समजा."

मी हौद्यात उभा राहून टपावर वाकलो होतो. अक्का समोरच्या काचेकडं बघत होत्या, पण त्यांचा कान कुठं होता मला माहीत आहे. आण्णांचं तोंड उघडलं.

"बगा..." ते म्हणाले.

विजयसिंह थांबले. धोंडुबाईसुद्धा थांबल्या. 

"बगा... हिथली कौलं जरा सैल हायत. वारं सुटलं तर आत झोपा."

आणि त्यांनी गाडी चालू केली.

पहिल्या चढावर रस्ता वळतो आणि तिथून मागं सगळं दिसतं. मी मागंच तोंड करून बसलो होतो. सुरूच्या वर तो आला, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, ऊन पडलेला, आणि खरंच कशात मावत नव्हता. मी टपावर थाप मारून ओरडलो, "अक्का! मागं बगा! अक्का!" आण्णांनी वेग कमी केला. पार थांबल्यासारखाच केला.

अक्कांनी मान वळवली नाही. खिडकीची काच वर घेतली.

मार्चमध्ये गुडघा बदलला. अक्का आता घरातल्या फरशीवर काठी घेऊन चालतात, आणि आण्णांशी बोलतात, रोजचं सगळं बोलतात. समुद्राचं तेवढं बोलत नाहीत. रंकाळ्यावरही नाही. किल्ली परत खिळ्यावर आहे.

पैज मी हरलो होतो. ऑपरेशननंतरच्या रविवारी सकाळी आम्ही गंगावेशीत गेलो. म्हैस समोर, चरवीत धारा पडत होत्या, गवळ्यानं फेसाळ दोन ग्लास आमच्या हातात दिले. आण्णांनी आपला ग्लास सावकाश संपवला, मिशीवरचा फेस उपरण्यानं पुसला आणि रिकाम्या ग्लासात बघत म्हणाले, "तू जिंकला आस्तास तर मर्दा, ही म्हैसच घिऊन दिली आस्ती तुला."